चोरांसाठी पाडलेलं भोक

मास्तर कुठल्याही शाळेत शिकवत नव्हता. हे नाव त्याला वर्गातल्या पोरांनी लहानपणीच चिकटवलं होतं, कारण दुसऱ्याची चूक दिसली की ह्याला गप्प राहवायचं नाही. रांगेत कोणी मधेच घुसलं, तर घुसणारा काम उरकून घरी पोचलेला असायचा आणि हा अजून उरलेल्यांना रांगेचे नियम समजावत उभा असायचा. अशा माणसाने स्वतःच्या हाताने एक गेम बनवावा आणि लोकांनी तो फुकटात उचलून न्यावा, म्हणजे नशिबानेही जरा जास्तच गंमत केली म्हणायची.

त्याआधी तो एका कंपनीत होता. दवाखान्यात भिंतीवर नंबर लागतात ना, की अमक्याने तमक्या खिडकीवर जावं, त्यामागचा प्रोग्राम मास्तर लिहायचा. पगार वेळेवर, साहेब भला, पण कामात राम नाही. घरी आला की मागच्या खोलीत, कपड्यांचं कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये कसंबसं बसवलेल्या टेबलावर, त्याने होडीचा गेम करायला घेतला. काही वर्षं नोकरी सांभाळून केला. मग एक दिवस नोकरीच सोडली.

गेमचं नाव 'दुसरा काठ'. त्यात आपण नावाडी. माणसं या काठावरून त्या काठावर न्यायची, एवढंच. कोणाला मारायचं नाही, काही उडवायचं नाही. होडीत बसलेला माणूस आपलं काहीबाही बोलत असतो, ते ऐकायचं, प्रवाह बघायचा आणि वल्हं मारायचं. नद्या पुढे पुढे रुंद होत जातात. शेवटच्या नदीला दुसरा काठ दिसतच नाही, तरी निघायचं असतं. तिथे पोचल्यावर काय होतं ते मी सांगणार नाही, नाहीतर मास्तर मलाही चोरांत धरेल. चित्रं त्याच्या धाकट्या बहिणीने काढली. ती एका जाहिरात कंपनीत साबणाचे फेस आणि टूथपेस्टच्या नळ्या रंगवते. दादाच्या नद्या रंगवताना ती माणसात आली, असं तिचंच म्हणणं.

बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये. मोजूनमापून बोलणारी बाई. मास्तर नोकरी सोडत असताना तिने एकच अट घातली होती: थंडी संपेपर्यंत गेम घर चालेल इतपत विकला गेला, तर मागची खोली चालू राहील आणि दुसरा गेम सुरू होईल. नाही गेला, तर जुन्या साहेबांना फोन. साहेबांनीही मोठ्या मनाने तोवर खुर्ची रिकामी ठेवायचं कबूल केलं. मास्तरने अट हसत हसत मान्य केली. त्याच्या डोक्यात दुसऱ्या गेमच्या नकाशाने घर केलेलंच होतं.

चोरांची धास्ती मात्र त्याला पहिल्यापासून. या धंद्यातले जुने लोक त्याला सांगत होते की बाबा रे, उचलणारे उचलणारच, तू केवढंही मोठं कुलूप लाव. मास्तरने कुलूप लावलंच नाही. त्याने होडीला भोक पाडलं.

त्याची युक्ती अशी. गेम विकत घेतला की त्याच्या पोटात खरेदीची तारीख लिहून येते. चोरीच्या प्रती काढणारे ती तारीख खोडतात आणि तिथे पुढच्या कुठल्यातरी सालातली तारीख ठोकून देतात, म्हणजे मुदत संपली म्हणून गेमची कटकट नको. मास्तरला हे ठाऊक होतं. त्याने गेमला गुपचूप शिकवून ठेवलं की खरेदीची तारीख आजच्या तारखेच्या पुढची दिसली, तर समोरचा माणूस चोर समजायचा. पण तसं तोंडावर म्हणायचं नाही. त्याला दोन नद्या सुखाने पार करू द्यायच्या, चांगला रंगू द्यायचा. तिसऱ्या नदीच्या मध्यावर तळातून पाणी यायला लागेल. हळूहळू. तो उपसेल, घाई करेल, मागे वळेल. काही उपयोग होणार नाही. होडी बुडणारच.

बुडताना होडीतली मुलगी नावाड्याकडे बघते. ते चित्र धाकटीने जीव ओतून काढलं होतं. गेममध्ये कुठेतरी असा दुःखाचा प्रसंग असेल, अशा समजुतीने. तो कोणासाठी आहे हे कळल्यावर ती जी भडकली.

"माझं सगळ्यात चांगलं चित्र तू चोरांना दाखवणार? आणि जो पैसे देईल त्याला ते दिसणारच नाही?"

"त्यांना लाज वाटायला हवी," मास्तर म्हणाला.

"कशाने? त्यांना कळणार कसं, की ही शिक्षा आहे? त्यांना वाटेल, गेमच बिघडलाय."

मास्तरने हे कानाआड केलं. दुसऱ्याची चूक काढण्यात ज्याची हयात गेली, त्याला स्वतःची चूक कोणी काढली की ऐकूच येत नाही.

गेम बाजारात आला. पहिले काही दिवस बरे गेले. मास्तर उठता-बसता विक्रीचा आकडा बघायचा, आंघोळीला जातानाही फोन खिडकीत ठेवायचा. मग चोरीची प्रत बाहेर पडली. ती जिथून लोक उतरवून घेत होते, तिथेही एक आकडा होता, आणि तो आकडा नुसता पळत होता. मास्तर दोन्ही आकडे शेजारी-शेजारी उघडे ठेवायचा आणि एकाकडून दुसऱ्याकडे बघत जेवायचा. अन्न गोड कसं लागेल?

"हे सगळे," तो फुकटच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणायचा, "हे सगळे माझे गिऱ्हाईक होते."

"नव्हते," धाकटी म्हणायची. "फुकट मिळालं म्हणून घेतलं त्यांनी. नसतं मिळालं तर दुसरं काहीतरी फुकट घेतलं असतं. उलट चार लोकांना सांगतील तरी, अमका गेम छान आहे म्हणून."

"माझ्या घरात शिरून जेवून जायचं आणि वर स्वयंपाकाची तारीफ केली म्हणून मी खूश व्हायचं?"

"तारीफ ऐकून दुसरा कोणी पैसे देऊन जेवायला आला, तर हो."

दोघांची अशी जुंपली की बायकोकडे बघायचे, तिने निकाल द्यावा म्हणून. ती एक दिवस वैतागून म्हणाली, "मला काय विचारता? लॅबमध्ये आम्ही दोन नमुने घेतो. एकात औषध घालतो, एकात नाही, आणि मग सांगतो काय फरक पडला. तुमचा दुसरा नमुना कुठे आहे? जो गेम कोणी चोरलाच नाही, तो किती विकला गेला ते दाखव. मग सांगते, चोरीने तुझं नुकसान झालं का फायदा."

असा गेम कुठून आणायचा? मास्तर चडफडला. चोर डोळ्यांसमोर, चोरी डोळ्यांसमोर, आणि नुकसान मात्र सिद्ध करता येत नाही, हे त्याच्या गळी उतरेना.

राग काढायला त्याला एक जिवंत माणूस मिळाला तो दोन गल्ल्या सोडून. तिथे एक कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एका जिन्याखालची जागा. उघड्या पेट्या, वायरींचे गुंते, आणि मधोमध दुरुस्तीवाला, गळ्यात चष्मा अडकवून. कोणाचाही कॉम्प्युटर दुरुस्त झाला की हा माणूस आपल्याकडून त्यात दहा-बारा गेम घालून द्यायचा. शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर 'दुसरा काठ' बघितला आणि मास्तर तडक तिथे जाऊन थडकला.

"साहेब, राग मानू नका," दुरुस्तीवाला म्हणाला. "पैसे घेतो ते दुरुस्तीचे. गेम आपले वरून, प्रेमाने."

"गेम माझा आणि प्रेम तुमचं?"

"तुमचा आहे होय? मग बरं झालं भेटलात." त्याने खरोखरच स्टूल पुढे सरकवलं. "अहो, तिसऱ्या नदीत होडी बुडते की. आधी गिऱ्हाईक एवढं खूश होतं. एकजण तर म्हणाला, पुढचं बघायचंय, खरा गेम कुठे मिळतो सांगा, विकत घेतो. शेजारी दुसरा बसला होता, तो म्हणाला, खरापण असाच बुडत असेल, पैसे कशाला पाण्यात घालतोस. गेला तो तसाच. आता मी कुणाची बाजू घेणार? तेवढी होडी नीट करून द्या, मी सगळ्यांना सांगतो."

होडी मीच बुडवतोय, असं कुठल्या तोंडाने सांगायचं? भांडायला गेलेला माणूस "बघतो" म्हणून परत आला. वाटेत त्याने एका निरपराध दगडाला लाथ मारली आणि बुटाचा टाका उसवून घेतला.

एवढ्यावर तरी शहाणं व्हावं. पण दुरुस्तीवाल्याने सांगितलं तेच आता जिथे तिथे लिहून यायला लागलं. होडी बुडते. गेम अर्धवट आहे. बनवणाऱ्याने तिसऱ्या नदीपुढे काही केलेलंच नाही. वाचून मास्तरच्या डोक्यात तिडीक गेली. फुकट नेतात आणि वर नावं ठेवतात. त्याने गेमच्या विक्रीच्या पानावर, अगदी वर, सगळ्यांना दिसेल असं लिहून टाकलं: 'तिसऱ्या नदीत होडी बुडत असेल तर तुमची प्रत चोरीची आहे. खऱ्या प्रतीत होडी बुडत नाही. थोडी लाज असेल तर विकत घ्या.'

बायकोने ते वाचलं आणि चष्मा काढून पुसला. "दुकानदार अशी पाटी लावतो का रे?"

"खरं तेच लिहिलंय."

त्यानंतर एका माणसाने त्याला लिहिलं की मी पैसे भरून घेतलाय, तरी होडी बुडते. सोबत पावतीचा फोटो. मास्तरने उत्तर दिलं की फोटो कोणीही बनवतो. आणखी एका बाईनेही तसंच लिहिलं. तिलाही मास्तरने वाटेला लावलं. धाकटीने हे पाहिलं आणि ती पहिल्यांदाच आवाज न चढवता बोलली. "दादा, यातला एक जरी खरं बोलत असेल तरी तू काय केलंयस ते कळतंय का तुला?" मास्तर म्हणाला, चोर असंच बोलतात. धाकटीने आपले ब्रश, कागद, रंगाच्या बाटल्या एका पिशवीत भरल्या आणि ती मागच्या खोलीतून निघून गेली. पुढे फोनही तिने कमीच केले.

विक्रीचा आकडा आधी रांगू लागला, मग जागच्या जागी बसला. फुकटचा आकडासुद्धा थांबला. बुडणारी होडी फुकटातही कोणाला नको होती. मास्तरने त्यातूनही अर्थ काढला तो हाच, की चोरांनी गेमचा चोथा करून टाकून दिला.

थंडी सरली. उन्हं खिडकीतून टेबलापर्यंत यायला लागली तशी बायको काही बोलेना, आणि तिचं न बोलणं मास्तरला जास्त लागायला लागलं. एका सकाळी त्याने जुन्या साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, खुर्ची तुझीच आहे, उद्यापासून ये. मास्तर म्हणाला, येतो. फोन ठेवला, दुसऱ्या गेमचे कागद टेबलावरून उचलले आणि कपाटावर टाकले. एवढं वाईट त्याला नोकरी सोडतानाच्या भीतीनेही वाटलं नव्हतं. हे त्या चोरांमुळे, असं तो स्वतःलाच पुन्हा पुन्हा सांगत होता. दुपारी तो मावशीकडे गेला. तिला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी आपणच सांगावं म्हणून.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. आई कामावर असायची तेव्हा शाळेतून हा तिच्याकडेच जायचा. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. उभा जन्म लोकांच्या तारा एकमेकांना जोडून देण्यात गेला, आणि निवृत्त झाली तरी कुठलंही यंत्र सोडून उठताना ते भिंतीतल्या बटणापासून बंद केल्याशिवाय तिला चैन पडत नसे. मास्तरचा कॉलेजातला जुना कॉम्प्युटर आता तिच्याकडे होता. त्यावर ती पत्ते खेळायची.

दार उघडंच होतं. मास्तर आत आला तशी मावशीने लगबगीने कॉम्प्युटरचा पडदा विझवला.

"काय लपवतेस?"

"लपवायचंय काय. तुझाच गेम." ती अवघडून हसली. "विकत घेतलाय हं. धाकटी म्हणाली, तुला कशाला पैसे, दादा तसाच देईल. मी म्हटलं, नाही, त्याच्या दुकानात मी पैसे देऊनच जाणार. माझ्या फोनवरून घेतला आणि तिने यात आणून घातला."

"मग? कुठवर आलीस?"

मावशीने पडदा पुन्हा चालू केला. तिसरी नदी. होडी मधोमध, आणि तळात पाणी.

मास्तरच्या तोंडचं पाणी पळालं.

"मला काही ही नदी जमत नाही रे," मावशी सांगत होती. "आधी वाटलं, वजन जास्त झालं. म्हणून एकेकाला नेलं. मग काठाकाठाने नेली. मग वाटलं, वल्हं जोरात मारतेय, म्हणून हळू मारलं. पाणी येतंच. तू हुशार माणसांसाठी केलायस, आमच्यासारख्यांना कसा जमेल? पण ती पोरगी बुडताना बघते ना, ते बघवत नाही. म्हणून परत परत करून बघते. कधीतरी पोचवेन तिला."

मास्तर पडद्याच्या कोपऱ्याकडे बघत होता. तिथे आजची तारीख होती, आणि ती त्याच्या कॉलेजच्या काळातली होती. त्याच्या लक्षात आलं. जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात घड्याळासाठी एक छोटी बॅटरी असते. ती मेलेली होती. मावशी रोज भिंतीतलं बटण बंद करायची, आणि रोज घड्याळ पार मागे, पहिल्या दिवसावर जाऊन बसायचं. खरेदीची तारीख आजच्या पुढची. म्हणजे समोरचा माणूस चोर. गेमला जे शिकवलं होतं, तेच त्याने केलं होतं. आणि पावतीचा फोटो पाठवणारा तो माणूस, ती बाई, अशी आणखी किती जुनी यंत्रं, किती जुनी माणसं.

त्याने तारीख बदलली, गेम पुन्हा सुरू केला आणि खुर्ची तिला दिली. मावशीने वल्हं मारलं. नदीचा मध्य आला, गेला. तळ कोरडा. काठ लागला, मुलगी उतरली, वळून हात हलवला आणि झाडांत गेली. मावशीने दोन्ही हात तोंडावर धरले.

"काय केलंस रे?"

"भोक होतं होडीला, मावशी. मीच पाडलं होतं. चोरांसाठी."

मावशीने विचारलं, "मग मी काय चोरलं?"

"तू नाही गं," मास्तर म्हणाला. त्याने घड्याळाचं, बॅटरीचं, तारखेचं सगळं सांगितलं. मावशीने ते नीट ऐकून घेतलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे मला येत होतं," ती शेवटी म्हणाली. आणि मग तिचा चेहरा उतरला. "अरे, पण आमच्या वाचनालयातल्या बायका विचारत होत्या. पुष्कळ जणी. तुमच्या भाच्याचा गेम घेऊ का म्हणून. मी त्यांना म्हटलं, नका घेऊ. होडी बुडते, तुम्हाला जमायचं नाही, उगाच माझ्या पोराला नावं ठेवाल. सगळ्यांकडे हे असेच जुने डबे आहेत, मुलांनी दिलेले. मीच अडवलं रे त्यांना. तुझं नाव खराब होऊ नये म्हणून."

मास्तर स्टुलावर बसला.

"थांब, आत्ताच फोन करते," मावशी उठली. नंबर बघायची तिला कधीच गरज नसे. ती बटणं दाबायला लागलीसुद्धा. "सांगते सगळ्यांना, नीट झालाय, घ्या. तुझा पुढचा निघेल तेव्हा तोही घेतील बघ."

"मावशी, राहू दे. मी उद्यापासून ऑफिसला जातोय. सकाळीच सांगितलं साहेबांना."

मावशीने फोन कानालाच धरून त्याच्याकडे बघितलं. "का रे? विकला नाही गेला?"

"नाही गेला."

"चोरांमुळे?"

सबंध थंडीभर या प्रश्नाचं उत्तर मास्तरच्या जिभेवर तयार होतं. बायकोला, धाकटीला, दुरुस्तीवाल्याला, कोणी विचारलं नाही तरी तो ते ऐकवत होता. आता विचारणारी खरंच उत्तरासाठी थांबली होती.

"माहीत नाही," तो म्हणाला. "आता कळायचंही नाही."

फोनमधून कोणीतरी बाई हॅलो, हॅलो म्हणत होती. मावशीने फोन खाली ठेवला.